सासऱ्यांच्या खिशातलं अर्धं ब्लेड

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके एकत्र करून त्यांत जाहिरातींचा सगळ्यांत मोठा दुश्मन कोण अशी स्पर्धा लावली, तर पहिला नंबर आमच्या सासऱ्यांचा येईल, दुसराही त्यांचाच येईल, आणि बक्षीस म्हणून मिळालेल्या ढालीवरचं प्रायोजकाचं नाव ते स्टेजवर उभ्या उभ्या ब्लेडनं खरवडून काढतील. ही अतिशयोक्ती आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कळसला जाऊन त्यांच्या घरातला फ्रीज बघावा. तो कुठल्या कंपनीचा आहे हे आज फक्त त्या कंपनीलाच माहीत असेल. आणि अशा माणसानं आपली एकुलती एक मुलगी दिली कुणाला, तर मला. मी पोटासाठी लेबलं छापतो.

यात माझी थोडी लबाडी होती, ती आधीच सांगून टाकतो. मी मूळचा लोणी भापकरचा, बारामतीत भिगवण रस्त्याला माझं छपाईचं दुकान आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा मामांनी (आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात) विचारलं, "पाव्हणं, छापता काय?" त्या महिन्यात योगायोगानं मी जयंतीची स्मरणिका छापली होती. मी म्हणालो, "पुस्तकं." मामांनी ती स्मरणिका मागवून घेतली, चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचली, छपाईच्या अकरा चुका काढल्या आणि होकार कळवला. पापड, लोणची, मसाले आणि फिनेलची लेबलं त्यांना कळली ती थेट लग्नाच्या दिवशी. मांडवाच्या दारातला फ्लेक्स मीच छापून आणला होता आणि धंद्याची सवय म्हणून त्याच्या खालच्या कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर टाकला होता. वऱ्हाड दारात उभं, आणि मुलीचा बाप स्टुलावर चढून फ्लेक्सचा कोपरा कापतोय, हे दृश्य आमच्या लग्नाच्या व्हिडिओत चांगलं चार मिनिटं आहे.

मामा बसडेपोत पेंटर होते. गाड्यांच्या कपाळावरच्या पाट्या रंगवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लोणी भापकरच्या फाट्यावर लहानपणी मी ज्या पाट्या वाचून गाडीत चढलो, त्या याच माणसाच्या हातच्या होत्या, हे मला लग्नानंतर समजलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी कळसला तीन एकरांत पेरू लावला. पांढरा सदरा, पांढरी पँट, रोजची गुळगुळीत दाढी, मिशी कधीच नाही, खिशाला पेन आणि पेनाच्या मागं कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड, असा त्यांचा अवतार. पाटी या विषयावर त्यांचं ठाम मत आहे आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या घरी चहा मिळत नाही. "पाटीनं गाडी कुठनं आली आन् कुठं चालली, एवढंच सांगायचं," ते म्हणतात. "गाडी लई भारी हाय, शिटा मऊ हायत, असं लिवीत बसलो असतो, तर नरसिंहपूरची म्हातारी माणसं भिगवणला उतरली असती."

ही पाटीची कसोटी ते जगातल्या प्रत्येक वस्तूला लावतात आणि नापास झालेल्या वस्तूचं नाव ब्लेडनं काढून टाकतात. मोटारसायकलच्या टाकीवरचं नाव त्यांनी ती शोरूममधून घरी आणल्याच्या दिवशीच घालवलं. टीव्हीच्या नावावर काळा ऑइलपेंट मारला. मुलीनं हौसेनं आणलेल्या टी-शर्टच्या छातीवरचं एवढंसं चिन्ह उसवायला त्यांना अख्खी दुपार लागली, शेवटी तिथं भोक पडलं, आणि भोकासकट तो टी-शर्ट त्यांनी अभिमानानं वापरला. "कंपनी मला पगार देती का? मग तिचं नाव मी छातीवर कशाला मिरवू?" असं ते विचारतात. पण या तत्त्वाची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासरी गेलो, तर मोरीतल्या फळीवर तीन ट्यूब, तिन्ही खरवडून पांढऱ्याफटक. मी त्यातली एक ब्रशवर घेऊन दात घासले. ते मामींचं गुडघ्याला लावायचं मलम होतं. मी ओट्यावर बसून दुधाच्या गुळण्या करतोय आणि सासरे समोर उभे राहून मलाच झापतायत, "वास न्हाय घेतला व्हय? तुमाला नाव वाचून घासायची सवय. नाव न्हाय म्हटल्यावर आपल्याला नाक हाय, ह्येबी इसरला तुमी." मला इतका राग आला होता की उत्तर द्यायचंच होतं, पण जीभ वळत नव्हती.

बारामतीतल्या एका मोठ्या चकचकीत दुकानात मी त्यांना एकदा नेलं आणि पुन्हा नेलं नाही. चहाच्या पुड्यांच्या रांगेसमोर ते दहा मिनिटं उभे राहिले, मग तिथल्या मुलीला त्यांनी विचारलं, "बाळ, ह्यातली तू घरी कुठली वापरतीस?" मुलीनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आमच्यात सुटी पावडर आणत्यात, काका." मामांनी तिला आशीर्वाद दिला आणि आम्ही रिकाम्या हातानं बाहेर आलो. त्या दुकानाच्या जाहिरातीचं काम मीच बघत होतो, हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

मग त्यांच्या हातात स्मार्टफोन आला. बायकोनं दिला. मामांनी फोनच्या पाठीवरचं चिन्ह पहिल्याच दुपारी घालवलं आणि मग त्याला पहिला प्रश्न विचारला, पेरूवर मावा पडलाय, काय करू. वरची चारही उत्तरं औषधांच्या जाहिराती निघाली. मामा फोनवर खेकसले, "इलाज इचारला, दुकान न्हाय इचारलं." त्या दिवसापासून त्यांनी नियमच केला. पहिलं पान बघायचं नाही. "बाजारात दारातच जो वरडतो, त्येच्याकडनं घ्यायचं न्हाय. चांगली मेथी मागं गप बसलेल्या बाईकडं असती," असं म्हणून ते अंगठ्यानं खाली खाली जात राहतात, सातव्या, आठव्या पानावर, जिथं आमच्या धंद्यातला माणूस मेलेल्याचीही चौकशी करायला जात नाही. छाटणीची कात्री त्यांनी अशीच शोधली. नवव्या पानावर करमाळ्याच्या एका दुकानाचा नंबर सापडला. फोन लावला तर मालक म्हणाला, दुकान बंद करून जमाना झाला. तरी दोघं कलमांवर तासभर बोलले, आणि चौथ्या दिवशी त्या भल्या माणसानं आपली स्वतःची कात्री बसमधून कंडक्टरच्या हाती पाठवून दिली. ती अजून धार धरून आहे. त्याच आठवड्यात मी पहिल्या पानावरची, ताऱ्यांनी लगडलेली कात्री मागवली होती. तिची स्प्रिंग तिसऱ्या फांदीला उडून शेजारच्या उसात गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट सांगायला मामा कधी विसरत नाहीत.

एवढं सगळं खरवडणारा हा माणूस एका ठिकाणी मात्र नाव लिहितो. आपल्या पेरूच्या क्रेटवर. मार्केटला माल पाठवणारे बाकीचे शेतकरी क्रेटवर मार्करनं दोन अक्षरं ओढतात आणि मोकळे होतात. मामा ब्रश आणि निळा रंग घेऊन बसतात आणि प्रत्येक क्रेटवर पूर्ण नाव रंगवतात. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, खाली मुक्काम कळस. अक्षरं अशी की गाडीच्या कपाळावर शोभावीत. ती अक्षरं दिसली की पुण्याच्या मार्केटमधले व्यापारी क्रेट उपसून तळ बघत नाहीत, हे मी स्वतः बघितलंय. मी एकदा त्यांना चिडवायला म्हणालो, "मामा, हा तुमचा ब्रँडच झाला की." ते इतके भडकले की त्या दिवशी मामींना मला बागेतून दुसऱ्या वाटेनं घरी आणावं लागलं.

आता मी जे केलं ते सांगतो. सांगताना अजून डोकं तापतं, आणि ते सगळ्यांवर तापतं, माझ्यासकट.

जो तो पेरू लावायला लागला आणि भाव पडला. बाग काढून टाकायची वेळ आली तेव्हा बायको म्हणाली, आपण खोक्यात भरून थेट पुण्याच्या सोसायट्यांत विकू. तिनं बापाच्या नावानं पोस्ट केली. मामांचा फोटो, पांढरा सदरा, हातात पेरू, खाली तेच पूर्ण नाव आणि कळस. दोनचार नातेवाइकांनी अंगठे दिले, मावसभावानं "जयभीम मामा" लिहिलं, आणि एका गृहस्थानं विचारलं, "तुम्ही कुठले?" मी लिहिलं, कळस, तालुका इंदापूर. त्यानं लिहिलं, "ते नाही हो, मूळचे कुठले?" हा प्रश्न मला शाळेपासून ओळखीचा आहे. आमच्या दोन्ही घरांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, आमची आडनावं वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. मी फोन पालथा ठेवला. त्यानं पेरू घेतले नाहीत. पोस्ट तशीच पडून राहिली.

मी तेव्हा पुण्यात दोन दिवसांचा मार्केटिंगचा क्लास करून आलो होतो. लोक काय शोधतात ते आधी बघा, असं तिथं शिकवलं होतं. मी फोनवर 'गावाकडचा' एवढंच लिहिलं आणि पुढचं फोननंच सुचवलं. वाडा, चूल, पाटा, पाटलाचं जेवण. मी संध्याकाळपर्यंत लेबल तयार केलं. नाव, 'थोरला वाडा'. चित्र, फेटा बांधलेला, कल्लेदार मिशांचा, करारी नजरेचा एक माणूस, जो मी एका परदेशी साइटवरून विकत घेतला होता आणि जो बहुधा आयुष्यात पेरू खाल्लेलाच नसावा. खाली ओळ, 'पिढ्यान्‌पिढ्यांची रुबाबदार गोडी'. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन खाली ठेवायला सवड मिळाली नाही.

पेरू तोच, झाड तेच, पाणी त्याच कालव्याचं. मला अजून त्या लोकांचा संताप येतो. हीच माणसं मंडईत पेरू दाबून बघतात, वास घेतात, म्हाताऱ्या बाईशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतात. फोन हातात आला की नाकही जातं आणि हातही जातो, उरतो एक अंगठा, आणि तो मिशी बघून दाबला जातो. "अस्सल चव ओळखू येते," असं एका बाईंनी लिहिलं होतं. काय ओळखलं त्यांनी? जो पेरू पूर्ण नावानं कुणी घेतला नाही, तो फेटा घातल्यावर रुबाबदार लागायला लागला. सर्चला मी दोष देत नाही, ते बिचारं लोकांच्या डोक्यात जे आहे तेच वर आणतं. पण त्या डोक्यांना लेबल पुरवणारा कोण होता? मी होतो. लोणी भापकरच्या शाळेत मागच्या बाकावरून तोच प्रश्न ऐकत मोठा झालेला मी.

बायको वडिलांना आबा म्हणते. ती रोज म्हणायची, आबांना सांगा. मी म्हणायचो, सीझन होऊ दे, सांगतो. मामांच्या अक्षरातले क्रेट सकाळी बारामतीला दुकानात यायचे, तिथं पेरू खोक्यांत जायचे, खोक्यांवर मिशी चिकटायची, आणि रिकामे क्रेट, नावासकट, परत कळसला. मामांनी एकदा विचारलं, "पेटीवर काय लिवलंय?" मी म्हणालो, "कळसचा पेरू." ते खाली बारीक अक्षरात होतं, म्हणून ही अर्धीच थाप होती. एवढं करून थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण सर्चमध्ये वर यायचं तर नकाशावर जागा लागते असं क्लासमध्ये सांगितलं होतं. मी 'थोरला वाडा' नकाशावर टाकला. कुठं? मामांच्या बागेवर.

त्या रविवारी सकाळी मी रिकामे क्रेट घेऊन कळसला गेलो होतो. मामा शिडीवर उभे राहून फळांना जाळी घालत होते. एक पांढरी गाडी बांधापर्यंत आली. नवरा, बायको आणि एक मुलगी. पुण्याहून नरसिंहपूरला दर्शनाला चालले होते, वाटेत फोननं 'थोरला वाडा' दाखवला म्हणून वळले.

"वाडा हाच का?" नवऱ्यानं विचारलं.

मामा शिडीवरून उतरले. "कसला वाडा?"

"पेरूवाल्यांचा. मालक कुठायत?"

"मालक मीच."

ते गृहस्थ हसले, वाईट हसले असं नाही, मोठ्या माणसाच्या चेष्टेला हसावं तसं हसले. "अहो काका, फेटेवाले मालक. हे बघा." आणि त्यांनी फोन पुढं केला. मामांनी चष्मा लावला आणि वाचलं. नाव वाचलं, मिशी बघितली, पिढ्यान्‌पिढ्यांची गोडी वाचली, आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरातलं कळस वाचलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी क्रेट हातात धरून उभा होतो आणि क्रेटवर त्यांचं नाव होतं.

तेवढ्यात त्या बाईंनी प्रेमानं विचारलं, "काका, तुम्ही इथं किती वर्षं कामाला आहात?"

त्या क्षणी मी बोलायला पाहिजे होतं. बाई, हे कामाला नाहीत, ही बाग यांची आहे, तुम्ही जे घ्यायला आलात ते यांनी पिकवलंय, आणि तो मिशीवाला मी विकत आणलाय. एवढं म्हणायला किती श्वास लागतो? गिऱ्हाईक तुटेल म्हणून गप्प बसलो.

मामा म्हणाले, "लावल्यापासनं हाय." मग खिशातून ब्लेड नव्हे, चाकू काढला, झाडावरचा चांगला पाडाचा पेरू तोडला, चार फोडी केल्या आणि मुलीच्या हातावर ठेवल्या. "वाडा हितं न्हाय, ताई. आमच्या जुन्या गावाला हुता एक. त्येच्या पायरीखाली आमचा बाप चपला हातात घेऊन उभा ऱ्हायचा. वर कदी गेला न्हाय, म्हणून आतनं कसा हुता ते मला सांगता येत न्हाय. पेरू खावा."

मुलीनं पेरू खाल्ला आणि अजून मागितला. नवऱ्यानं विचारलं, "रेट ऑनलाइनचाच ना?"

गाडी गेल्यावर मामा कालव्याच्या कडेला बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या मामांची मला सवय होती.

"आमच्या बापाला गावानं चिकटवल्यालं नाव खरवडून काढाय आमची उमर गेली, पाव्हणं," ते म्हणाले. "तुमी एका दुपारी दुसरं चिकटवलं."

मलाही राग आला. चूक माझी होती म्हणून जरा जास्तच आला. मी म्हणालो, "मामा, तुमचं नाव बघून कुणी घेत न्हाय. मी टाकून बघितलंय. आडनाव वाचून माणसं पळत्यात. मी काय करू? बाग काढून टाकू?"

"पयला माल मार्केटला नेला, तवा एकानं मला हेच सांगितलं," मामा म्हणाले. "चांगला माणूस हुता. म्हणला, पूर्ण नाव नगं टाकू, दोन अक्षरं टाक, माल जाईल. त्या दिवशी मी रंगाचा डबा आणला." त्यांनी क्रेटवरच्या नावावर बोट ठेवलं. "ती दोन अक्षरं म्हणत हुता. तुमी तर समदंच घालवलं."

मी क्रेट तिथंच ठेवले आणि बारामतीला परत आलो. वाटेत स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की त्या छापायच्या म्हटल्या तर एक स्मरणिका झाली असती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मामा पहिल्या गाडीनं येऊन पायरीवर बसले होते. मला वाटलं भांडायला आलेत. त्यांनी आत येऊन चिकटवलेल्या खोक्यांची थप्पी पुढं ओढली, कागदातून अर्धं ब्लेड काढलं आणि पहिल्या मिशीच्या टोकापासून सुरुवात केली. अजिबात घाई नाही. लेबलाचा कोपरा उचलायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं, मग सबंध सोलायचं. माझी बायको डबा घेऊन आली, तिनं एकदा बापाकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं, आणि शेजारी बसून नखानं लेबलं काढायला लागली. मी दहा मिनिटं कॉम्प्युटरसमोर बसून काम करतोय असं दाखवलं. मग उठलो, कटरचं पातं घेतलं आणि तिसरा बसलो. स्वतः छापलेलं लेबल स्वतः खरवडताना गोंद किती चांगला वापरला होता ते कळलं. दुपारी मी नकाशावरून 'थोरला वाडा' काढून टाकला, पण त्याआधी त्याखाली त्या गाडीवाल्यांचा अभिप्राय येऊन पडला होता. तीन तारे. "पेरू उत्तम. पण वाडा नाही. मालक भेटले नाहीत."

बायकोनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. मामा ब्लेड पुसत होते.

"भेटलो की," ते म्हणाले.

या गोष्टीला आता दोन बहार होऊन गेले. खोकी निम्म्याहून कमी झाली. जी जातात ती पूर्ण नावानं जातात, आणि जे मागवतात ते पुन्हा मागवतात, एवढं मात्र खरं. बागेच्या मागच्या अर्ध्या एकरातली झाडं काढावी लागली, तिथं आता मामी वांगी आणि मिरची करतात. पहिल्या पानावर आजही कुठल्या ना कुठल्या मिशा आहेत. मला त्या दिसल्या की अजून चीड येते, आणि फोन दाखवतो ते न तपासता घेणारी माणसं भेटली की त्यांच्याशी मी उगाच भांडतो. बायको म्हणते, तुम्ही आबांसारखे व्हायला लागलात. मी ते मनावर घेत नाही.

मामांचा हात मात्र आता थरथरतो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलंय. अक्षरांच्या वेलांट्या वाकड्या जायला लागल्या तेव्हा मी म्हणालो, तुमच्याच अक्षराचा स्टिकर करून देतो, हुबेहूब. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी विषय तिथंच सोडला आणि ब्रश हातात घेतला. तासाला हजारो लेबलं फेकणारं मशीन असलेला मी आता सकाळी कळसला जाऊन सासऱ्यांचं पूर्ण नाव एकेका खोक्यावर रंगवतो. ते शेजारी खुर्चीवर बसून चुका काढतात. "बापाचं नाव बारीक झालं. पुसा." मी पुसतो आणि पुन्हा लिहितो.

चुका काढून झाल्या की ते फोन काढतात. शोधायच्या चौकटीत एका बोटानं, अक्षर अक्षर करत, आपलं नाव लिहितात, वडिलांच्या नावासकट, आणि पहिलं पान न बघता खाली जायला लागतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला सांगावंसं वाटलं होतं, मामा, त्या नावानं तिथं काहीच नाही, हा माझा धंदा आहे, मला माहीत आहे. सांगितलं नाही. ते एका डोळ्यानं सावकाश एकेक ओळ वाचत जातात.

"घावलं का, मामा?" परवा मी विचारलं.

"न्हाय अजून," ते म्हणाले, आणि अंगठा पुढं सरकवला. "मागं असंल कुठंतरी."

मी ब्रश रंगात बुडवला आणि त्यांच्या बापाचं नाव जरा मोठं काढलं.